घरातला सर्व्हर रॅक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात छोटा रॅक, म्हणजे यंत्रं बसवायची लोखंडी पेटी, उभारून त्यात स्वतःचा सर्व्हर, म्हणजे घरचे फोटो, सिनेमे सांभाळणारा चोवीस तास चालू संगणक, चालवायची हौस असलेले लोक वाढले आहेत आणि त्यांचे प्रश्न तेच ते असतात. पुण्यात दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मी गेली सात वर्षं हा उद्योग करतोय. त्यात जे जळलं, जे बंद पडलं आणि घरच्यांनी जे ऐकवलं, त्यातून ही उत्तरं निघाली आहेत. प्रोसेसरबद्दल इथे कमी सापडेल. वायर, बॅटरी आणि धूळ यांच्याबद्दल जास्त. आपल्याकडे घरचा सर्व्हर आडवा होतो तो बहुतेक वेळा याच तिघांपायी.

रॅक घ्यायलाच हवा का?

नाही. माझं पहिलं वर्ष चपलांच्या रॅकवर गेलं आणि काही बिघडलं नाही. राउटर, एक नेटवर्क स्विच (लॅनच्या वायरीने अनेक यंत्रं एकमेकांना जोडणारा डबा) आणि एक छोटा पीसी एवढंच असेल तर फळी पुरते. त्यात यूपीएस आला, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आला, आणखी एक डबा आला, मागे वायरींचा शेवयांसारखा गुंता झाला आणि एक वायर ओढली की तीन निघायला लागल्या, म्हणजे रॅकची वेळ झाली.

'४यू', '६यू' म्हणजे काय आणि कोणता घ्यायचा?

रॅकची रुंदी ठरलेली असते, १९ इंच. हे माप टेलिफोन एक्स्चेंजच्या जमान्यापासून चालत आलंय. उंची 'यू'मध्ये मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, नेमकं सांगायचं तर ४४.४५ मिलिमीटर. ६यूच्या रॅकमध्ये एक पॅच पॅनेल (भिंतीतून आलेल्या लॅनच्या वायरींची टोकं बसवायची पट्टी), एक स्विच, एक पॉवर पट्टी आणि छोट्या पीसीसाठी एक ट्रे आरामात बसतो. फ्लॅटला ६यू किंवा ९यू पुरे.

आपल्याकडे हे रॅक शोधायची सोपी जागा म्हणजे सीसीटीव्हीचं सामान विकणारी दुकानं. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, ठेवायला भिंतीवर टांगायचे ४यू, ६यू रॅक त्यांच्याकडे ढिगाने पडलेले असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, बाकी शहरांत जिथे कॅमेरे बसवणारे खरेदीला जातात ती गल्ली. मात्र टेप घेऊन जा आणि रॅकची खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंतचं माप, मोजा. सगळे उंची विचारतात आणि फसतात खोलीत. भिंतीवरच्या रॅकची खोली साधारण एक ते पावणेदोन फूट असते. खऱ्या रॅक सर्व्हरला दोन-अडीच फूट लागतात, शिवाय मागे वायरी वळायला जागा हवी.

भिंत कोणती तेही बघा. नव्या इमारतींत आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात साधे प्लास्टिकचे प्लग ठोकून वीस किलोचा रॅक टांगलात तर तो काही महिन्यांत खाली येईल. आरसीसीचा कॉलम किंवा बीम गाठा, नाहीतर रॅक जमिनीवरच ठेवा. केज नट (रॅकच्या चौकोनी भोकांत बसणारे नट) बसवायला पातळ पेचकस वापरा, नखांनी बसवायला जाल तर नख जाईल.

ऑफिसातून निघालेला मोठा रॅक सर्व्हर स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

हा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला होता. दोन प्रोसेसर, भरपूर रॅम, डिस्कचे आठ खण, आणि किंमत एका बऱ्या मोबाईलपेक्षा कमी. घरी आणला, बटण दाबलं, आणि विमान उड्डाणाला निघावं तसा आवाज झाला. शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं, "मिक्सर अडकलाय का रे?"

यात सर्व्हरचा दोष नाही. १यूच्या डब्यात पंखा चाळीस मिलिमीटरचाच मावतो. एवढ्याशा पंख्याने पुरेशी हवा खेचायची तर त्याला प्रचंड वेगाने फिरावं लागतं. ही यंत्रं बंद डेटा सेंटरमध्ये, एसीत चालण्यासाठी बनवलेली असतात. तिथे त्यांचा आवाज ऐकायला कोणी झोपलेलं नसतं. दहा-बारा वर्षांपूर्वीचा असा सर्व्हर काहीही काम न करता शंभर-सव्वाशे वॉट सहज खातो.

शिकायला म्हणून, अधूनमधून चालू करायला घेत असाल तर घ्या. चोवीस तास चालवायला घेऊ नका. माझा मी दोन महिन्यांत विकला.

मग सर्व्हर म्हणून काय वापरायचं?

कंपन्यांच्या ऑफिसांतून तीन-चार वर्षांनी निघणारे छोटे पीसी. डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी. आकार जाडजूड पुस्तकाएवढा, वीज रिकाम्या वेळी दहा-पंधरा वॉट, आवाज जवळजवळ नाहीच. सेकंडहँड बाजारात मुबलक मिळतात. घेताना त्याचा मूळ अडॅप्टर सोबत आहे ना ते पाहा. दुसरा कुठलाही लावला तर काही मॉडेलं कुरकुरतात आणि मुद्दाम हळू चालतात.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक एका-दोन छोट्या कामांना छान आहे. पण त्याचं मेमरी कार्ड हा कच्चा दुवा. सतत लिहून लिहून कार्डं मरतात, त्यातून मध्येच लाईट गेली तर लवकर मरतात. पाय वापरायचाच असेल तर यूएसबीवर एसएसडी लावा.

छोट्या पीसीवर मी प्रॉक्समॉक्स टाकतो, म्हणजे एका पीसीत अनेक संगणक मांडणारी प्रणाली. डेबियन या लिनक्सवर उभं आहे, पैसे न भरता वापरता येतं आणि एका डब्यात पाच-सहा वेगवेगळे सर्व्हर मांडता येतात. लॉगिन केल्यावर 'तुमच्याकडे सबस्क्रिप्शन नाही' अशी खिडकी येते, ती बंद करून पुढे जायचं.

वीजबिल किती वाढेल?

हिशोब सोपा आहे. १०० वॉटची वस्तू चोवीस तास चालली की दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२ युनिट. १२ वॉटचा छोटा पीसी महिन्याला नऊ युनिटच्याही आत राहतो.

खरी गोम स्लॅबमध्ये आहे. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर पायऱ्या आहेत. घरचा वापर २५० युनिट असेल आणि मोठ्या सर्व्हरने त्यात ८० टाकले, तर वरचे ३० युनिट पुढच्या महाग पायरीवर जाऊन बसतात. म्हणून सरासरी दराने गुणू नका. तुमच्या बिलातल्या शेवटच्या पायरीचा दर घ्या. आणि वॉट अंदाजाने धरू नका. प्लगमध्ये लावायचं मीटर मिळतं, ते आठवडाभर लावून आकडा काढा. माझ्याकडे सगळं मिळून, म्हणजे राउटर, स्विच, दोन छोटे पीसी, दोन हार्ड डिस्क आणि तीन कॅमेरे, ५८ वॉट जातात.

लाईट गेल्यावर काय? घरी इन्व्हर्टर आहेच की.

इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला काही क्षण लागतात. पंखा-दिव्यांना ते कळत नाही, पण संगणकाचा पॉवर सप्लाय साधारण पंधरा-वीस मिलिसेकंदच तग धरतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक खटका असतो, त्यावर 'यूपीएस' आणि 'इको' किंवा 'नॉर्मल' लिहिलेलं असतं. तो 'यूपीएस'वर असेल तर बदल झटकन होतो आणि बहुतेक वेळा पीसी तरून जातो. आमच्याकडे हा खटका चार वर्षं 'इको'वर होता आणि मी सर्व्हर का रीस्टार्ट होतो म्हणून लिनक्सचे लॉग (सर्व्हरच्या नोंदी) वाचत बसलो होतो. मागचा खटका बायकोने पाहिला, जाळं काढताना.

इन्व्हर्टर असला तरी रॅकमध्ये छोटा लाईन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेजचे चढउतारही सावरणारा) यूपीएस ठेवा. ६०० व्हीए लिहिलेलं असतं म्हणजे ६०० वॉट नव्हेत, साधारण ३६० वॉट. आत १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी असते. पन्नास-साठ वॉटच्या लोडला ती नवी असताना अर्धा-पाऊण तास देते. दोन-तीन वर्षांत ती थकते, आणि बंद कपाटात उकडत असेल तर त्याआधीच. यूपीएस जिवंत आहे का हे कळायला तीन महिन्यांतून एकदा हाताने मेन स्विच बंद करून बघा. यूएसबीची वायर असलेला यूपीएस घेतलात तर 'नट' नावाच्या मोफत प्रोग्रॅमने बॅटरी संपायच्या आत सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. गावाकडे जिथे भारनियमन तासन्तास चालतं तिथे हे नसेल तर सर्व्हर चालवूच नये.

नुसतं इंटरनेट चालू ठेवायचं असेल तर राउटरला लावायचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो. फायबर थेट घरात येत असेल तर मधल्या वाटेवर वीज लागत नाही, त्यामुळे अख्ख्या सोसायटीची लाईट गेली तरी नेट चालू राहू शकतं. पण तुमच्या केबलवाल्याने गच्चीवर स्विच ठेवून तिथून घरोघरी लॅनची वायर सोडली असेल, तर त्या गच्चीवरच्या डब्याला लाईट आहे का ते आधी विचारा.

अर्थिंग एवढं महत्त्वाचं आहे का?

रॅकच्या लोखंडाला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर आजच इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या पिनेला मागे काहीच जोडलेलं नसतं. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजायला सांगा. एक-दोन व्होल्ट ठीक. वीस-तीस दिसले तर गडबड आहे. रॅकचा सांगाडाही अर्थला जोडून घ्या.

कॅट-५ई, कॅट-६, कॅट-६ए. कोणती वायर?

घरातल्या लॅनच्या एक गिगाबिट वेगाला कॅट-५ई शंभर मीटरपर्यंत पुरते. नवी टाकत असाल तर कॅट-६ टाका. फ्लॅटमधल्या अंतरांना ती दहा गिगाबिटही ओढते, कारण दहा गिगाबिटसाठी तिची मर्यादा पंचावन्न मीटरच्या आसपास आहे. कॅट-६ए जाड, ताठ आणि आपल्या पाऊण इंची पाइपात वळवायला वैतागवाणी. बंगला असेल तर विचार करा.

त्याहून मोठा प्रश्न तांब्याचा. बाजारात 'कॅट-६' म्हणून जे स्वस्त खोकं मिळतं त्यात पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ओळखायचं कसं? एक तार घ्या, ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत करा. दोन-चार वेळा वाकवली की मोडते तीही हीच. अशा तारेचा रोध जास्त असतो. त्यामुळे कॅमेऱ्याला त्याच वायरीतून वीज पाठवायची असेल तर लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पुरेसा व्होल्टेज पोहोचत नाही. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा बंद पडतो, सकाळी आपोआप सुरू. हे लक्षण ऐकलं की मी आधी वायर खरवडतो.

३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, पण स्पीड ९४च्या वर जात नाही. कंपनी फसवतेय का?

९४ हा आकडा आला की कंपनीला फोन करायच्या आधी खाली वाका आणि वायर बघा. लॅनच्या वायरीत चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात. १०० एमबीपीएसला दोनच पुरतात, केशरी आणि हिरवी. निळी किंवा तपकिरी तार क्रिम्पिंग करताना (टोकाला प्लग दाबून बसवताना) नीट बसली नाही की दोन्ही टोकांची यंत्रं गुपचूप शंभरवर उतरतात आणि प्रत्यक्षात ९४-९५ मिळतात. सगळं 'चालू' असतं, म्हणून कोणी शोधत नाही.

रंगांचा क्रम पाठ करून टाका: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. भिंतीत गेलेल्या वायरीच्या टोकाला प्लग क्रिम्प करू नका. तिथे आयओ (भिंतीवरचं लॅनचं सॉकेट) पंच करा आणि पुढे तयार पॅच कॉर्ड वापरा. ओढाताण, झाडू, मांजर हे सगळं मग दीडशे रुपयांच्या कॉर्डवर निभावतं.

भिंत न फोडता वायर कशी न्यायची?

टीव्हीच्या केबलचा जुना पाइप शोधा. बहुतेक फ्लॅटमध्ये हॉलपासून बेडरूमपर्यंत तो असतोच आणि डिश गेल्यापासून बिनवापराचा असतो. इलेक्ट्रिशियनकडची स्प्रिंग घालून किंवा आतल्या जुन्या टीव्ही केबलच्याच टोकाला नवी वायर बांधून ओढता येते. विजेच्या पाइपात लॅन घालू नका. मी रंगकाम निघालं तेव्हा संधी साधली. एरवी परवानगी मिळाली नसती.

बेडरूममध्ये वायफाय येत नाही. मोठा राउटर घेऊ?

आधी राउटर कुठे आहे ते सांगा. लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे, की 'दिसायला बरं नाही' म्हणून रॅकच्या आत? रॅक म्हणजे लोखंडी पेटी. वायफाय देणारा डबा कायम तिच्या बाहेर ठेवा. विटा आणि आरसीसीमधून ५ गिगाहर्ट्झ दोन भिंतींतच दमतं. तीन अँटेना असोत की आठ, भिंत तीच आहे. बेडरूमपर्यंत एक वायर न्या आणि तिथे दुसरा साधा ॲक्सेस पॉइंट (वायरीवरून वायफाय देणारा डबा) लावा. हजारो रुपयांच्या गेमिंग राउटरपेक्षा ते बरं चालतं. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक ठेवा.

बाहेरून घरच्या सर्व्हरवर पोहोचता येत नाही. पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी सर्व्हरकडे वळवायला राउटरला सांगितलं, तरीही.

हा प्रश्न सर्वात जास्त येतो. राउटरमध्ये जाऊन त्याला बाहेरून मिळालेला आयपी पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पल्ल्यात सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. पत्ते पुरत नाहीत म्हणून कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. सोसायटीच्या गेटवर पाहुणा आला, पण त्याला फ्लॅट नंबरच सांगितलेला नाही, तसं. तुम्ही आपल्या दारात कितीही पाट्या लावा.

वाटा तीन. स्टॅटिक आयपीचे, म्हणजे फक्त तुमच्या कायमच्या सार्वजनिक पत्त्याचे, वेगळे पैसे भरायचे. किंवा आयपीव्ही६, म्हणजे सगळ्यांना पुरतील एवढे पत्ते देणारं नवं तंत्र, वापरायचं. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या ते देतात, पण तुम्ही ज्या नेटवर्कवरून जोडताय तिथेही ते हवं आणि राउटरची फायरवॉल समजून घ्यायला हवी. तिसरी आणि बहुतेकांना पुरणारी वाट म्हणजे टेलस्केलसारखी सोय, जी वायरगार्ड या व्हीपीएनवर चालते. फोनवर आणि सर्व्हरवर ॲप टाकायचं, दोन्ही जणू एकाच घरात असल्यासारखी बोलतात. पोर्ट उघडावा लागत नाही. घरातल्या आयपीची मालिका मात्र १९२.१६८.१ ठेवू नका. ज्या हॉटेलात किंवा मेहुण्याच्या घरी जाल तिथेही तीच निघू शकते आणि मग तुमचा फोन घरच्या सर्व्हरऐवजी मेहुण्याच्या प्रिंटरशी बोलायला लागतो.

आणि काहीही झालं तरी कॅमेऱ्याचा रेकॉर्डर किंवा विंडोजचा रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने फॅक्टरीतला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले होते. बसवणारा मुलगा 'ॲडमिन, १२३४५' ठेवून जातो, ते त्याच्या समोरच बदला.

यावर चालवायचं तरी काय?

एका कामापासून सुरुवात करा, आणि ते घरच्यांच्या उपयोगाचं असू द्या. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ला बंद झाली, तेव्हापासून बरेच जण फोटोंसाठी या वाटेला लागले. मी इमिच हा फोटो सांभाळणारा प्रोग्रॅम चालवतो. आईच्या फोनमधले फोटो रात्री आपोआप घरच्या डिस्कवर येतात. आई चेहऱ्यावर बोट ठेवते आणि नातीचे सगळे फोटो समोर येतात. तेव्हापासून रॅकबद्दलची तक्रार बंद झाली. पाय-होल जाहिराती अडवतो, पण तो बंद पडला की 'नेट गेलं' म्हणून बोंब होते, त्यामुळे तो लावायच्या आधी दुसरा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) तयार ठेवा. जेलीफिन सिनेमांसाठी, होम असिस्टंट दिवे-पंख्यांसाठी.

रेड लावलंय. बॅकअप झाला ना?

नाही. इथे रेड म्हणजे तीच माहिती दोन डिस्कवर एकदम लिहिणं. एक डिस्क मेली तर ते वाचवतं. तुम्ही चुकून फोल्डर उडवला तर ते दोन्ही डिस्कवरून इमानदारीत उडवतं. एक प्रत घराबाहेर हवीच. माझी एक डिस्क साताऱ्याला मामाच्या कपाटात आहे, दर गणपतीत बदलून आणतो.

अमेरिकेतून भाऊ यंत्रं आणतोय. इथे चालतील?

पॉवर सप्लायवर '१००-२४०' लिहिलं असेल तर फक्त वायर बदला. तिकडचा यूपीएस आणि पॉवर पट्टी आणू देऊ नका. ती १२० व्होल्टची असतात आणि इथे २३० आहेत.

धूळ, मुंग्या, पाली?

रॅकला पुढून जाळी लावा आणि महिन्यातून एकदा ब्लोअर मारा. मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. स्विचच्या उबेला पाली येतात. एकदा पॉवर सप्लायच्या बोर्डावर पालीचं पिल्लू शॉर्ट होऊन चिकटलेलं मिळालं. दुर्गंधी आधी आली, कारण नंतर कळलं. वायरी आत येतात ती भोकं स्पंजने बुजवा. कोकणात दमट हवेने पॅच कॉर्डच्या पिना काळ्या-हिरव्या पडतात. पावसाळ्यानंतर सगळ्या एकदा काढून पुन्हा खोचा. विदर्भात उन्हाळ्यात माळ्यावर किंवा पत्र्याखाली काहीही ठेवू नका. आणि गच्चीवरच्या कॅमेऱ्यापासून रॅकपर्यंत तांब्याची वायर येत असेल तर वळवाच्या विजा त्याच वाटेने घरात शिरतात. माझा आठ पोर्टचा स्विच मे महिन्यातल्या एका संध्याकाळी असाच गेला. आता तेवढ्या टप्प्यात फायबर आहे. काच वीज वाहत नाही.

खंडेनवमीला रॅकची पूजा करावी का?

जरूर. फुलं वर ठेवा, हळदकुंकू लोखंडी दाराला लावा. पंख्याच्या जाळीला लावू नका. आमच्याकडे एका वर्षी आईने चिमूटभर कुंकू नेमकं जाळीवर वाहिलं, पंख्याने ते आत ओढून घेतलं. दिवाळीच्या साफसफाईत झाकण उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये लाल रेघा बसल्या होत्या. ब्रशने जेवढं निघालं तेवढं काढलं. तो पीसी अजून चालू आहे, फोटो त्याच्यावरच आहेत.